बॅच क्रमांक दोन

मालनपूरच्या बिस्किट कारखान्यानं
एकोणीस वर्षांचा एक दाखला दिला
आणि गेटपास काढून घेतला.
मग हजीऱ्याला पत्र्याची शेड, भाडं साडेचार हजार,
पाणी टँकरचं, वीज आली तर आली.
पन्हं बाटलीत भरून विकायचं.
हे नेमकं कुणाला सुचलं
ते मी सुनेत्रावहिनीवर ढकलतो
आणि ती माझ्यावर.

फॉर्मात रकाना होता: घटक, टक्केवारीत.
वहिनी म्हणाली, गूळ अंदाजानं.
मीठ, जीभ सांगेल तितकं.
वेलची, चिमूट.
मी म्हटलं, जीभ अपलोड होत नाही.

जीवाजीगंजातून सोनाराचा जुना काटा आणला,
म्हटलं, टाक चिमूट. दहा वेळा टाक.
नऊ वेळा काटा एकाच जागी थांबला,
शून्य पूर्णांक चार.
दहाव्यांदा, सहा.
"तेव्हा गच्चीवर माकड आलं होतं."
सरासरीत ते माकडही धरलं आहे.
आमच्या प्रत्येक बाटलीत
ते जरासं आहे.

इरफानभाईंच्या बंद सोडा फॅक्टरीतून
बूच ठोकायचं यंत्र घेतलं.
त्यांनी नोटा दोनदा मोजल्या,
त्यातली शंभराची परत दिली:
"तेल डालते रहना."

पहिली बॅच अठ्ठेचाळीस बाटल्यांची.
तिसऱ्या रात्री दोन वाजता एक फुटली,
मग तिचं ऐकून दुसरी,
मग सगळ्याच बोलायला लागल्या.
समोरच्या गोदामाचा चौकीदार
वरात बघायला बाहेर आला.
सकाळी शेडभर आंबट वास, मुंग्या,
आणि काच वेचता वेचता
वहिनीनं बोट लावून चाखलं.
"चव बरोबर होती," म्हणाली.
मला तेव्हा तिचा राग आला. खूप आला.

खोटं बोलला होता थर्मामीटर.
उकळत्या पाण्यात धरला
तर म्हणाला, एकशे नऊ.
आम्ही त्याच्या पंच्याऐंशीवर विश्वास ठेवला होता.

तपासायला आलेल्या मॅडमनी वही चाळली.
दो नंबर से शुरू? एक कहाँ है?
वहिनी म्हणाली, नाली पी गई.
मॅडम बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या.
आम्ही विचारलं नाही.

लेबलं आली, पाच हजार.
छापलं होतं: पन्ह.
दौलतगंजातला छापखानेवाला म्हणाला,
"बिंदी ही तो है, भाईसाब."
पैसे परत मिळणार नव्हते.
मग रात्री जेवणानंतर
मी, वहिनी आणि तिची धाकटी ओवी
काळी पेनं घेऊन बसलो,
एकेका ह च्या डोक्यावर एकेक टिंब.
ओवीची टिंबं मोठी, जरा उजवीकडे घसरलेली.
तिच्या बाटल्या मी अजून ओळखतो.

नया बाजारातल्या दुकानदारानं
दोन डझन ठेवून घेतल्या, उधारीवर,
फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, दह्यामागे.
लोक विचारायचे, ये क्या है?
तो सांगायचा, पना है, मराठी लोगों का.
आठवड्यात अकरा गेल्या.
मी अकराला भागायला बसलो,
गूळ, बूच, भाडं, टँकर, लेबल,
आणि फुटलेल्या अठ्ठेचाळीस.
उत्तर आलं. ते वहिनीला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लू चालली असताना,
डोक्याला गमछा बांधलेला एक पोरगा
शेडच्या दारात उभा.
लेबलवरचा पत्ता वाचत वाचत आला होता.
हातात आमची रिकामी बाटली,
स्वच्छ धुतलेली.
"खाली बोतल के दो रुपये मिलते हैं ना?"

असं काही नव्हतं. कुठं छापलं नव्हतं.
मी नाही म्हणायला तोंड उघडलं
तेवढ्यात वहिनीनं गल्ल्यातून नाणं काढलं.

वहीत आता एक नवा रकाना आहे.
बाटलीवरचं टिंब
उजवीकडे घसरलेलं होतं.